पाच नंबरची पेटी

३ फेब्रुवारी

ही वही खरं तर मोजमापांसाठी आणली होती. पहिली चार पानं आकड्यांनी भरली आणि पाचव्या पानावर मी स्वतःशीच भांडायला लागलो. तेव्हा आता हिची दैनंदिनीच झाली असं समजायचं. बायको म्हणाली, लिहा बापडे, निदान जेवताना ताटात बोटानं वर्तुळं काढणं तरी थांबेल.

साहेबांनी आज माझ्या कॉलरला होकार दिला. दगड वाहणाऱ्या गाडीतल्या दोन वॅगन, प्रत्येकीला चार पेट्या, मिळून आठ. साठ दिवस चाचणी. आठ वर्षं रेल्वेच्या शेडमध्ये ज्याच्या मागे लागलो होतो ते दोन मिनिटांत, उभ्या उभ्या मिळालं. साहेबांनी चष्मासुद्धा वर केला नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण घरी येईपर्यंत मी एवढाच विचार करत होतो की आठ का, बारा का नाहीत.

५ फेब्रुवारी

माझी कॉलर म्हणजे काय ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर तोंडातल्या तोंडात बोलायला नको.

चाकाच्या बाहेर ॲक्सलचं जे टोक येतं, त्यावर लोखंडी पेटी असते. आत पितळेचा जाड तुकडा टोकावर बसतो आणि वॅगनचा सगळा भार त्या पितळेवर. खाली तेलात भिजवलेले सुताचे बोळे. चाक फिरलं की टोक बोळ्यांवर पुसलं जातं आणि तेल वर चढतं. एवढं सोपं आहे. पण ॲक्सल जिथून पेटीत शिरतो तिथे मागे फट असते. त्या फटीतून धूळ आत येते आणि तेल बाहेर जातं. धूळ आत गेली की बोळे कोरडे, बोळे कोरडे की पितळ तापतं, आणि फारच तापलं तर ॲक्सल तुटतो. म्हणून फटीत लाकडाची फळी घालतात. ती महिन्याभरात झिजते आणि असून नसल्यासारखी होते.

मी तिथे नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचं, कडं घालतो, वर चामडं, आणि त्याला गोल स्प्रिंग, म्हणजे कडं झिजलं तरी ॲक्सलला धरून राहतं. बायको मुलीच्या बाहीला इलॅस्टिक घालत होती तेव्हा हे सुचलं. तिला सांगितलं तर म्हणाली, मग त्या कॉलरीला माझं नाव द्या.

जमलं तर पेटीत रोज तेल घालायला नको. तीन महिन्यांतून एकदा पुरे.

१२ फेब्रुवारी

आज आठही कॉलरी बसल्या. झाकणांना पांढरा रंग दिला, वर एक ते आठ आकडे, आणि साहेबांनी स्वतः शिशाचे शिक्के मारले. साठ दिवस झाकण उघडायचं नाही, तेल घालायचं नाही. शिक्का तुटला तर चाचणी रद्द.

गाडी यार्डात आली की पेट्या बाहेरून तपासायच्या आणि नोंदवहीत ‘थंड’, ‘कोमट’ किंवा ‘गरम’ लिहायचं. हे काम दादाचं. यार्डातला तेलवाला म्हणजे माझा थोरला भाऊ. गाडी थांबली की तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो आणि प्रत्येक पेटीला उलटा हात लावतो. तीस वर्षांत त्याच्या हातून एकही गरम पेटी पुढे गेलेली नाही. साहेब लोक नव्या माणसांना सांगतात, थर्मामीटर बिघडेल, पण याचा हात नाही.

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. शाळा, नोकरी, लग्न, सगळं दादानं केलं. आजही आम्ही दोन्ही कुटुंबं त्याच्याच नावावरच्या क्वार्टरमध्ये राहतो, तीन खोल्यांत. हे लिहिण्याचं कारण असं की कॉलर चालली तर तेलवाल्याला फारसं काम उरणार नाही. ते त्याला माहीत आहे. तो नुसतं म्हणाला, “चामडं चांगलं आहे.”

त्याला निवृत्तीला दोन वर्षं आहेत. त्याचं काही बिघडणार नाही, हे मी स्वतःला दिवसातून चार वेळा सांगतो.

१९ फेब्रुवारी

आठवडा झाला. आठही थंड. तरी मला चैन नाही. डबा खाताना गाडीची शिटी वाजली की घास तसाच टाकून पळतो. शेडमधले मला ‘सायंटिस्ट’ म्हणायला लागलेत. लेथवर काम करणारा लांब्या तर रोज विचारतो की सायंटिस्ट, चंद्रावर कधी निघालास.

आज त्यानंच येऊन हसत हसत सांगितलं की तुझा भाऊ तुझ्या शोधावर थुंकतो. मी म्हटलं, काहीतरी बरळू नकोस. मग जाऊन आडून पाहिलं. खरंच. दादानं तीन नंबरच्या पेटीला हात लावला, इकडेतिकडे पाहिलं आणि पांढऱ्या झाकणाखाली पेटीवर थुंकला. मग चार नंबरवरही.

कान तापले माझे. दिवसभर हातात घेतलेलं एकही काम धड झालं नाही.

२२ फेब्रुवारी

रविवार. घरात सगळे असले की मला जास्तच कोंडल्यासारखं होतं.

वहिनी दादाचे हल्ली फार लाड करते. आंघोळीचं पाणी काढलं की आधी स्वतः हात घालून पाहते, मग त्याला हाक मारते. चहा बशीत ओतून, फुंकून, मग त्याच्यापुढे ठेवते. अट्ठावन्न वर्षांचा माणूस, पण जावळ काढायच्या वयाच्या बाळासारखं चाललंय. मी चेष्टेनं म्हटलं, वहिनी, आता घास पण भरवा. कोणी हसलं नाही. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर तोंडासमोर धरला.

मला वाटतं, दादाला नोकरीतलं महत्त्व कमी होणार याची धास्ती आहे आणि वहिनी त्याची समजूत काढते आहे. धास्ती असेल तर सरळ बोलावं. थुंकायचं कशाला?

२६ फेब्रुवारी

आज मी बोललो. बोलायला नको होतं तिथे बोललो, यार्डात, चारचौघांत. गाडी नुकतीच लागली होती. दादा एक नंबरवर थुंकला आणि माझा ताबा सुटला. मी म्हटलं, तुला माझी कॉलर बघवत नसेल तर तसं तोंडावर सांग, पण माझ्या पेट्यांवर थुंकू नकोस, साहेबांनी बघितलं तर काय म्हणतील.

दादाचं तोंड उतरलं. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. त्यानं हातातली तेलाची झारी खाली ठेवली आणि म्हणाला, “बरं. तुझ्या पेट्यांवर नाही थुंकणार.”

लांब्या नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला की तो सगळ्याच पेट्यांवर थुंकतो रे, हल्ली सवयच लागलीय त्याला, तुझ्यावर राग नाही. मला हे पटत नाही. तीस वर्षं ज्याला अशी सवय नव्हती त्याला ती नेमकी आत्ता कशी लागते?

१ मार्च

दादानं शब्द पाळला आहे. मी मुद्दाम लपून पाहिलं. माझ्या आठ पेट्यांना नुसता हात लावतो, नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवतो, आणि पुढे जातो.

मी जिंकलो, तर मग अजून लपून बघायला का जातोय?

१४ मार्च

तीस दिवस. आठही थंड, रोज. पेट्यांच्या मागच्या बाजूला तेलाचा एक ओघळ नाही. बाकीच्या वॅगनची चाकं तेलानं आणि धुळीनं माखलेली आणि माझ्या दोन वॅगनची कोरडी ठणठणीत. साहेब वाकून बघून गेले आणि पहिल्यांदाच मला माझ्या नावानं हाक मारली. वर मुख्य कचेरीत बैठक आहे, तिथे ही गोष्ट ठेवू म्हणाले.

घरी सांगितलं. मुलीनं टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, छान. मग बायको आत बोलावून म्हणाली की दादांशी जरा गोड बोला, ते तुमच्यासाठी किती जपून वागताहेत ते तुम्हाला माहीत नाही. मी विचारलं, काय माहीत नाही? ती म्हणाली, काही नाही, भात लागेल खाली.

२१ मार्च

दादाच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला मोठे फोड आलेत. वहिनीनं मलम लावून फडकं बांधलं. मी विचारलं तर ती म्हणाली, शेगडीवर भाजलं. दादा आणि शेगडी? त्याला काडेपेटी कुठे असते ते ठाऊक नाही. पण मी फार विचारलं नाही, माझ्या डोक्यात वेगळंच चाललंय. नमद्याऐवजी दुहेरी नमदा घातला तर?

२३ मार्च

पाच नंबर जळाली.

गाडी मधल्या स्टेशनच्या अलीकडे असताना गार्डला धूर दिसला. त्यानं गाडी थांबवली म्हणून निभावलं. ॲक्सलचं टोक निळं पडलं होतं. आणखी दहा-बारा मैल गेली असती तर तुटलाच असता, आणि मागे दगडानं भरलेल्या तीस वॅगन.

पेटी उघडली तेव्हा मीच पुढे होतो. पितळ झिजून, भेगाळून एका बाजूला सरकलेलं. बोळ्यांचा कोळसा. माझी कॉलर म्हणजे काळं कडं, हात लावला तर चुरा. सुताचा एखादा धागा पितळेखाली अडकला असेल, असं कोणत्याही पेटीत होतं. किंवा माझी स्प्रिंग जास्त आवळली असेल. आता कळायला मार्ग नाही. एवढं मात्र नक्की की हे एका फेरीचं काम नाही. ही पेटी तीन दिवस तरी तापत होती.

नोंदवही आणून पाहिली. २०, २१, २२. तिन्ही दिवशी पाच नंबरपुढे दादाच्या अक्षरात ‘थंड’.

२४ मार्च

साहेब स्पष्ट बोलले. तपासणीत चूक झाली असेल तर चाचणी रद्द होत नाही, आणखी साठ दिवस मिळतील. कॉलरचाच दोष असेल तर विषय संपला. काय ते लेखी द्या, रविवारपर्यंत.

म्हणजे मला एवढंच लिहायचं आहे की तपासणाऱ्यानं खोटी नोंद केली. मग दादाची चौकशी होईल, डॉक्टर येतील, आणि बहुतेक घरी बसवतील. क्वार्टर त्याच्या नावावर आहे. हे सगळं मला कळतं. तरीही मी जेवणाच्या सुट्टीत ते पत्र लिहून काढलं. इतक्या सुवाच्य अक्षरात मी कधीच लिहिलेलं नाही.

संध्याकाळी त्याला अंगणात गाठलं. मी विचारलं, “तू मुद्दाम लिहिलंस ना?”

“मी हात लावला,” दादा म्हणाला. “मला थंड लागली.”

“तीन दिवस?”

“तिन्ही दिवस थंड लागली.”

मग तो आत गेला. तो खोटं बोलत असावा, कारण त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पत्र शर्टाच्या खिशात आहे.

२६ मार्च

दोन दिवस खिशात पत्र घेऊन हिंडतोय. शर्ट बदलला की पत्र त्या खिशातून या खिशात. बायकोनं धुवायला टाकताना खिसे तपासले आणि मी तिच्या हातून ओढून घेतलं. तिनं वाचलं नाही, पण तिला कळलं असणार.

मला दादावर राग आहे. त्याहून जास्त राग याचा आहे की मला तो यायला नको होता. याच माणसानं मला सायकल शिकवली, मागे धावत.

२७ मार्च

जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी उरलेल्या सात कॉलरी बघायला वॅगनखाली शिरलो होतो, पाठीवर झोपून. शेजारच्या रुळावर दुसरी मालगाडी येऊन थांबली. चाकांमधून मला दादाचे बूट दिसले, मग वाकलेला दादा. त्याला मी दिसत नव्हतो.

त्यानं एका पेटीला उलटा हात लावला. फडकं बांधलेला उजवा नाही, डावा. ठेवला. मी मनात मोजत होतो, सवयीनं. पाच, सहा, सात. त्यानं हात काढला नाही. त्याचा चेहरा शांत होता. मग तो पेटीवर थुंकला.

थुंकी चर्रकन उडाली.

दादानं दचकून हात मागे घेतला. खडूनं पेटीवर फुली मारली आणि पॉइंट्समनला हाक मारून सांगितलं की ही वॅगन सोडव, गरम आहे. तो गेल्यावर मी बाहेर आलो आणि त्या पेटीला हात लावला. एक आकडासुद्धा मोजून झाला नाही. अजून बोटं हुळहुळताहेत.

त्याच्या हाताला कळत नाही.

२८ मार्च

सकाळी उठून ही वही पहिल्यापासून वाचली. बशीतला चहा. आंघोळीचं पाणी. शेगडी. सगळं मीच माझ्या हातानं लिहिलंय आणि मलाच वाचता आलं नाही. कसला डोंबलाचा सायंटिस्ट.

हात बधिर झाले म्हणून तो थुंकून बघत होता. तापलेल्या लोखंडावर थुंकी उडते, थंडवर राहते. सगळ्या पेट्यांवर थुंकत होता, लांब्या खरं सांगत होता. फक्त आठ पेट्या त्यानं सोडल्या, कारण मी चारचौघांत त्याला तसं बजावलं. त्या आठ पेट्यांपुढे तो आंधळ्यासारखा उभा राहिला. जास्त वेळ हात ठेवून बघत होता, काही कळतंय का म्हणून. हाताला फोड आले तरी कळलं नाही. पाच नंबर मी जाळली. मी.

वहिनी ओट्यापाशी होती. मी विचारलं, कधीपासून? ती गॅस बंद करून म्हणाली, “वर्ष होऊन गेलं, भाऊजी. डॉक्टर म्हणाले शिरा मेल्यात. आणखी दोन वर्षं निघाली की झालं.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुमच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं. तुम्हाला लपवता आलं नसतं.”

बायको दारात उभी होती. तिलाही माहीत होतं. फक्त मलाच नव्हतं, आणि माझ्यापासून लपवायला कोणाला फारसे कष्टही पडले नाहीत. त्याचं कारण मला ठाऊक आहे. मी त्या पेट्यांशिवाय कुठे बघतच नव्हतो.

दादा अंगणात खुर्चीवर बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो. त्यानं विचारलं, सात नंबरची कॉलर कशी आहे. मी म्हटलं, चांगली आहे.

२९ मार्च

खिशातलं पत्र फाडलं. दुसरं लिहिलं आणि रविवार असून साहेबांच्या बंगल्यावर नेऊन दिलं. त्यात एवढंच आहे की यार्डात पेटी तपासण्याची जी पद्धत होती ती मी माझ्या आठ पेट्यांपुरती बंद करायला लावली होती. त्यामुळे पाच नंबरची तपासणी पुरी झाली नाही, आणि कॉलर निर्दोष आहे असं मी सांगू शकत नाही.

साहेबांनी दोनदा वाचलं. कसली पद्धत, असं विचारलं. मी सांगितलं की पेटीवर थुंकायची. त्यांनी चष्मा वर केला. का बंद केलीत? मी म्हटलं, मला अपमान वाटला.

चाचणी रद्द. चाचणीत मीच ढवळाढवळ केली, तेव्हा आणखी साठ दिवस नाहीत, आणि बैठकीत विषय जाणार नाही. उरलेल्या सात कॉलरी झिजेपर्यंत राहू द्यायला ते तयार झाले, शिक्के काढून, रोजच्या तेलासह, आणि मी मागून घेतलं म्हणून रोज सकाळी तेलवाल्याबरोबर मीही तपासायला फिरायचं. आठ वर्षांचं काम, आणि शेवटी हे. बंगल्याच्या फाटकाबाहेर मी रडलो, उगाच बुटाची नाडी बांधत बसल्यासारखं करून.

दादाच्या हाताबद्दल मी साहेबांना सांगितलं नाही. हे बरोबर केलं की चूक, मला कळत नाही. त्याच्यामागून मी प्रत्येक पेटीला हात लावणार आहे, एकही न सोडता. एवढं मी नक्की करीन.

१ एप्रिल

डोकं काही स्वस्थ बसत नाही. हाताला कळो न कळो, डोळ्याला कळेल असं काही पेटीवर लावता आलं तर? मेणबत्ती वितळवून त्यात शेंदरी रंग घातला आणि झाकणांवर ठिपके दिले. पेटी तापली की ठिपका ओघळेल. दुपारी जाऊन पाहिलं तर सगळे ठिपके उन्हानंच ओघळले होते. लांब्या म्हणाला, पेट्या रडताहेत. टणक मेण शोधायला हवं.

२ एप्रिल

आज सकाळी पहिल्यांदा दादाबरोबर फिरलो. दगडाची गाडी लागली होती. तो पुढे, झारी घेऊन. मी मागे, नोंदवही घेऊन. बाकीच्या वॅगनवर तो हात लावत होता, थुंकत होता, आणि त्याच्यामागे मी हात लावून बघत होतो. दोघांचं जुळत होतं.

माझी वॅगन आली. एक नंबरचं पांढरं झाकण. त्यानं हात लावला आणि ठेवला, फोडांच्या सालपटांसकट, आणि तसाच उभा राहिला. थुंकला नाही. मला समजलं की मी सांगेपर्यंत तो थुंकणार नाही. त्यानं शब्द दिला होता.

मी पुढे होऊन त्याच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. पेटी गार होती, सकाळच्या हवेसारखी. मी म्हटलं, “दादा, मला हातानं नीट कळत नाहीये. तू थुंकून बघ.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. वहिनी म्हणते ते खरं असेल तर माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं आणि त्यानं ते वाचलं. मग तो वळला आणि थुंकला.

थुंकी लोखंडावर तशीच राहिली. आम्ही दोघं वाकून बघत होतो.

“थंड आहे,” दादा म्हणाला. “लिही.”

मी लिहिलं.